चिकलठाणा विमानतळ, मेटार आणि धावपट्टी ०९/२७ : हवामान अहवाल वाचून तिकीट ठरवता येतं का?

वेरूळवाट
जूनच्या शेवटच्या आठवड्यात आईला मुंबईहून संभाजीनगरला आणायचं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला रात्रभर गाडीत बसवत नाही, म्हणून विमान. सकाळचं घ्यावं की संध्याकाळचं, एवढाच खरं तर प्रश्न होता. पण गेल्या महिन्यात शेजारच्या काकांचं संध्याकाळचं विमान इथे येऊन घिरट्या घालून परत मुंबईला गेलं. त्या वेळी आम्ही सिडकोत गच्चीवर होतो. डोक्यावर आकाश निळं होतं, फक्त पूर्वेला, करमाडच्या बाजूला काळं दिसत होतं. पाऊस आमच्याकडे थेंबभरही नाही. काउंटरवर काकांना "खराब हवामान" एवढेच दोन शब्द मिळाले.

मी शोधाशोध केली तेव्हा त्या संध्याकाळचा विमानतळाचा हवामान अहवाल, म्हणजे मेटार, सापडला. देवनागरीत उतरवून देते:

मेटार व्हीएएयू १२११३०झेड २४०१६जी२८केटी ३००० टीएसआरए एससीटी०१५ एफईडब्ल्यू०२५सीबी बीकेएन०८० २५/२२ क्यू१००५ टेम्पो १५०० +टीएसआरए

हे कोणी उलगडून सांगेल का? आणि यातून सकाळ-संध्याकाळ ठरवता येईल का? माझं मत असं की ही माहिती रोज उघडपणे जाहीर होते, तर ज्याच्या जिवाचा आणि पैशाचा प्रश्न आहे त्या प्रवाशाला ती वाचता यायलाच हवी.

पैठणचा_पाहुणा
सकाळचं घ्या. ताई, यात मेटारबिटार काही लागत नाही, मराठवाड्यातला कुठलाही शेतकरी सांगेल की मे-जूनमधलं वादळ दुपारनंतरच येतं.

जुना_निरीक्षक
पाहुणे बरोबर बोलले, पण ताईंनी अहवालाचा अर्थ विचारलाय, तो सांगतो. हवामान खात्यात विमानतळांवर निरीक्षक म्हणून नोकरी केली, त्यामुळे ही ओळ झोपेतही वाचता येते.

व्हीएएयू हा तुमच्या विमानतळाचा चार अक्षरी संकेत. मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ, नागपूर व्हीएएनपी. १२११३०झेड म्हणजे १२ तारीख, जागतिक वेळ ११:३०. त्यात साडेपाच तास मिळवा, संध्याकाळचे पाच झाले. नव्याने वाचणारे इथेच फसतात, साडेअकराचा अहवाल म्हणून दुपारचं हवामान समजतात.

२४०१६जी२८केटी हा वारा. २४० अंशांकडून, म्हणजे नैर्ऋत्येच्या किंचित पश्चिमेकडून, १६ नॉट वेगाने, झोत २८ नॉटपर्यंत. दिशा नेहमी वारा जिकडून येतो ती. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तेव्हा झोत ताशी ५० किलोमीटरच्या वर होते.

३००० ही दृश्यमानता, मीटरमध्ये. टीएसआरए म्हणजे गडगडाटासह पाऊस. पुढचे तीन ढग: एससीटी०१५ म्हणजे दीड हजार फुटांवर आकाशाचे आठ भाग केले तर तीन ते चार भाग ढग, एफईडब्ल्यू०२५सीबी म्हणजे अडीच हजार फुटांवर एक-दोन भाग, पण ते सीबी, म्हणजे क्युम्युलोनिम्बस, गडगडाटी. बीकेएन०८० म्हणजे आठ हजार फुटांवर पाच ते सात भाग. ही उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजतात, समुद्रसपाटीपासून नाही.

२५/२२ म्हणजे तापमान २५, आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते, २२. क्यू१००५ हा समुद्रसपाटीला आणलेला दाब, हेक्टोपास्कलमध्ये. वैमानिक आपला उंचीमापक याच आकड्यावर लावतो. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जवळजवळ ३० फुटांची चूक, तेव्हा हा आकडा शोभेचा नाही. शेवटचं टेम्पो १५०० +टीएसआरए म्हणजे पुढच्या दोन तासांत अधूनमधून दृश्यमानता १५०० मीटरपर्यंत उतरेल, जोराचा गडगडाटी पाऊस होईल.

एफईडब्ल्यू वाचून ढग थोडेच आहेत असं समजू नका. त्या ओळीत सगळ्यात वाईट अक्षरं सीबी आहेत, मग ते आकाशाच्या एकाच भागात का असेनात.

मुग्धा_पुणेकर
काका, केवढं सोपं करून सांगितलंत! वाखूसा (वाचनखूण साठवली).

तर्कट
माझा या सगळ्या प्रकाराला विरोध आहे. डॉक्टरचे रिपोर्ट गूगलवर वाचून लोक आधीच हैराण करतात, आता वैमानिकाला मेटार शिकवतील. गेटवर उभं राहून "दृश्यमानता तीन हजार आहे, मग का उडत नाही?" म्हणून भांडणारे मी पाहिलेत. निर्णय त्यांच्यावर सोडा.

वेरूळवाट
@तर्कट, वैमानिकाचा निर्णय बदलायचा नाहीये हो. आईला चाकाच्या खुर्चीवरून न्यायचंय, औषधांच्या वेळा आहेत. विमान परत जाण्याची शक्यता कधी जास्त, हे मला घरी बसून कळायला हवं.

जुना_निरीक्षक
तर्कटराव, भांडणारा अर्धवट वाचून भांडतो, त्याला पूर्ण वाचायला शिकवणं हाच उपाय. तीन हजार मीटर पुरेत की नाहीत हे अहवालात नसतंच. ते धावपट्टीवर कोणती उपकरणं आहेत, विमान कोणतं आहे, वैमानिकाचं प्रशिक्षण कोणतं आहे, यावर ठरतं. आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा, असलेल्या धावपट्टीवर ८०० मीटरलाही उतरता येतं. उपकरणं नसली, नुसतं डोळ्यांनी पाहून उतरायचं असलं, तर ५००० मीटर लागतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये शिर्डीची विमानं धुरकट हवेमुळे बरेच दिवस बंद राहिली ती याच पायी. लोकांना ऊन पडलेलं दिसत होतं आणि विमान मात्र येत नव्हतं.

गोदाकाठ
पण ऊन पडलेलं असताना दृश्यमानता कमी कशी? मला हे कधीच समजलं नाही.

जुना_निरीक्षक
कारण आपण वर पाहतो आणि निरीक्षक आडवं पाहतो. धुरकं जमिनीलगतच्या थरात साठतं. सरळ वर पाहिलं की नजर तो थर झटकन ओलांडते, निळं दिसतं. आडवं पाहिलं की नजर मैलभर त्याच थरातून जाते. वैमानिक उतरताना तिरका पाहतो, त्याची नजरही त्या थरातून लांबवर जाते.

दृश्यमानता आम्ही कशी घ्यायचो तेही सांगतो. प्रत्येक स्टेशनवर एक तक्ता असतो: कोणत्या दिशेला कोणती खूण, किती अंतरावर. पाण्याची टाकी, गिरणीचं धुराडं, मोबाइलचा मनोरा, त्यापलीकडची टेकडी. अहवालाच्या आधी बाहेर येऊन चारही दिशांना नजर फिरवायची. टाकी दिसते, धुराडं दिसतं, टेकडी गेली, म्हणजे या बाजूला इतके मीटर. निम्म्याहून जास्त क्षितिजावर जी मिळते ती मुख्य दृश्यमानता. रात्री खुणांऐवजी दिवे. आता मोठ्या धावपट्ट्यांशेजारी यंत्रं आहेत, ती धावपट्टीवरची दृश्यमानता मोजतात, पण गडगडाटी ढग ओळखायला आणि तो कुठल्या दिशेला सरकतोय हे सांगायला माणसाचा डोळा अजून लागतो. पावसात छत्री उडत असताना शेडमधल्या कोरड्या आणि ओल्या तापमापकाचं वाचन घेऊन परत धावत यायचं, आणि अहवाल मात्र मिनिटावर निघाला पाहिजे. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. मध्येच हवा झपाट्याने बिघडली तर वेळेची वाट न पाहता विशेष अहवाल, त्याला स्पेसी म्हणतात.

शिकाऊ_पंख
मी फ्लाइंग स्कूलमध्ये आहे. काकांना दंडवत. आमच्या पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडायच्या, सकाळी सगळ्यांची नजर ज्या ओळीवर खिळलेली असते, ती कोणीतरी छत्री सांभाळत लिहिलेली असते हे आज कळलं.

धावपट्टीबद्दल थोडं माझ्याकडून. चिकलठाण्याला एकच धावपट्टी, ०९/२७. क्रमांक म्हणजे होकायंत्राची दिशा भागिले दहा. ०९ म्हणजे ९० अंश, पूर्वेकडे तोंड. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. पट्टी तीच, टोकं दोन. लांबी २,८३५ मीटर, म्हणजे ९,३०० फूट. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून १,९११ फूट.

ही उंची उन्हाळ्यात महत्त्वाची ठरते. मे महिन्यात ४१ अंश तापमान आणि १००५ दाब असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ही धावपट्टी जवळपास पावणेसहा हजार फुटांवर आहे. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट! पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, मग जास्त वेगापर्यंत जास्त लांब पळावं लागतं. म्हणून कधी कधी भर दुपारच्या विमानातून सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात.

जालनारोड
धावपट्टीच्या लांबीचा विषय निघाला म्हणून लिहितो. १९९३ आठवतं का कोणाला? २६ एप्रिल. मी शाळेत होतो, घरं बीड बायपासकडे. दुपारी धूर दिसला आणि सगळा मोहल्ला तिकडे धावला.

जुना_निरीक्षक
विसरणं शक्य नाही. बोइंग ७३७, दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला आलेलं, इथून मुंबईला निघालं. पूर्वेकडे उड्डाण. धावपट्टी तेव्हा आजच्यापेक्षा बरीच आखूड होती, आणि तिच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता आडवा जायचा. विमान अगदी टोकाला जमिनीवरून सुटलं. त्याच वेळी कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक त्या रस्त्यावर होता. विमानाचं डावं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला, पुढे काही किलोमीटरवर विमान विजेच्या उच्च दाबाच्या तारांना अडकून कोसळलं. ११८ जणांपैकी ५५ गेले.

चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या: वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याची जबाबदारी विमानतळ प्रशासनाने पार पाडली नाही. धावपट्टीची माहिती म्हणजे नुसती लांबी-रुंदी नाही, तिच्या टोकापलीकडे काय आहे हेही त्यातच येतं.

जालनारोड
कापसाच्या गाठींनी भरलेले असे ट्रक आमच्या रस्त्यावरून रोज जायचे. त्या मोसमात तर रांगाच. फाटक होतं, पण पाडायचं कोणी हे कोणाला पक्कं माहीत नव्हतं असं मोठी माणसं तेव्हा बोलायची. म्हणूनच आज धावपट्टी वाढवा अशी मागणी झाली आणि जमीन जाणाऱ्या गावकऱ्यांनी प्रश्न विचारले, की मला दोन्ही बाजू पटतात.

तर्कट
हे वाचून माझं मत थोडं हललं हे कबूल. पण शंका राहतेच. हे सगळं प्रवाशाला कळून करायचं काय? १९९३ च्या प्रवाशाला धावपट्टीची लांबी ठाऊक असती तर तो विमानात बसला नसता का?

शिकाऊ_पंख
बसला असता. पण शहराला ठाऊक असतं तर शहराने फाटकाबद्दल आवाज उठवला असता. मला हा फरक मोठा वाटतो.

कोळिकोडचं उदाहरण घ्या, ७ ऑगस्ट २०२०. टेबलटॉप, म्हणजे टोकांपलीकडे दरी असलेली पठारावरची धावपट्टी, मुसळधार पाऊस, पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्या टोकाकडून उतरताना वारा पाठीमागून. २,७०० मीटरच्या धावपट्टीची जवळपास निम्मी लांबी मागे पडल्यावर चाकं टेकली. ओली पट्टी, पाठवारा आणि उशिरा टेकणं एकत्र आलं. विमान टोकावरून दरीत गेलं आणि २१ जण गेले. त्यानंतर धावपट्टीच्या टोकापलीकडच्या सुरक्षा पट्ट्याची, रेसाची, चर्चा वर्तमानपत्रांत आली. किमान ९० मीटर बंधनकारक, २४० मीटर असावा अशी शिफारस. हे आकडे आपल्या विमानतळासाठी विचारणारे नागरिक असायला हवेत.

मुग्धा_पुणेकर
ओल्या पट्टीची माहिती मेटारमध्ये असते का?

शिकाऊ_पंख
बहुतेक वेळा ती वेगळी येते. नोव्हेंबर २०२१ पासून जगभर एकच पद्धत लागू आहे. धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ६ गुण देतात. ६ म्हणजे कोरडी, ५ म्हणजे ओली, ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं तर २. त्यामुळे ५/५/२ ऐकलं की वैमानिकाला कळतं, शेवटच्या तिसऱ्या भागात, जिथे जोराचा ब्रेक लागतो नेमकं तिथेच, पाणी आहे.

गोदाकाठ
पुण्याला एकदा पंधरवडाभर विमानंच नव्हती, ते पण धावपट्टीमुळेच ना?

मुग्धा_पुणेकर
हो, १६ ते २९ ऑक्टोबर २०२१. धावपट्टीचं नवं अस्तर. लोहगावची पट्टी हवाई दलाची आणि एकच, त्यामुळे पर्याय नाही. अशा बंदची सूचना नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचनापत्रात, येते. मुंबईतही दरवर्षी पावसाळ्याआधी दिवसभराची देखभाल असते, साधारण सकाळी ११ ते संध्याकाळी ५, आणि त्या दिवशी राज्यभरातल्या छोट्या विमानतळांची वेळापत्रकं हलतात. संभाजीनगरला आकाश स्वच्छ असूनही विमान उशिरा येण्याचं हे एक कारण. तिकीट काढताना दोन्ही टोकांचं बघा.

पैठणचा_पाहुणा
आता पुतण्याचा साखरपुडा ताफ बघूनच ठरवतो, गुरुजींना कळवून ठेवा.

जुना_निरीक्षक
पाहुणे, ताफ म्हणजे पुढचा अंदाज, पण लहान विमानतळांचा बहुधा नऊ तासांचाच असतो. साखरपुडा त्या नऊ तासांत उरकावा लागेल :)

यावरून ताईंसाठी एक गोष्ट. आदल्या रात्री ताफ पाहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कळणार नाही. सकाळी नऊ-दहाला पाहिला तर संध्याकाळचा अंदाज येईल. त्यात टेम्पो टीएसआरए किंवा सीबी दिसलं तर उशिराची तयारी ठेवा. विमान अडकवणारा गडगडाट तासाभरात सरतोही, म्हणून आधी घिरट्या घालतात, इंधन परवानगी देईल तोवर.

शिकाऊ_पंख
वेरूळवाट ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. डोक्यावर निळं असताना विमान परत का गेलं? तुम्ही दिलेल्या ओळीत याचं उत्तर आहे, फक्त ती ०९/२७ च्या शेजारी ठेवून वाचायला हवी.

वारा २४० अंशांकडून. धावपट्टी २७, म्हणजे २७०. फरक ३० अंश. १६ नॉटांपैकी १४ समोरून, ८ आडवा. झोतात २४ समोरून, १४ आडवा. समोरचा वारा हवाहवासाच असतो, आडवा १४ जेट विमानाला अवघड नाही. म्हणजे २७ वर उतरणंच योग्य. पण २७ वर उतरायचं तर विमान पूर्वेकडून येतं, जालना रोडच्या वरून, करमाडच्या बाजूने. आणि तुम्ही गच्चीवरून काळं कुठे पाहिलंत? करमाडच्या बाजूला! तो सीबी नेमका उतरण्याच्या वाटेवर बसला होता. अशा ढगातून, किंवा त्याच्या अगदी जवळूनही, कोणी विमान नेत नाही. त्याच्या खाली वारा क्षणात दिशा बदलतो, वरून खाली आदळतो.

मग उलट बाजूने, सिडकोच्या वरून, तुमच्या निळ्या आकाशातून का नाही? कारण तिकडून येऊन ०९ वर उतरायचं तर तोच वारा पाठीमागून, १४ नॉट, झोतात २४. बहुतेक जेट विमानांना पाठवाऱ्याची मर्यादा १० नॉट, काहींना १५. वर पट्टी ओली. एका बाजूला ढग, दुसऱ्या बाजूला पाठवारा. घिरट्या घालून पाहिलं, ढग हलला नाही, आणि मुंबईला परतण्याइतकं इंधन राखायचं होतं. त्या वैमानिकाने अगदी योग्य केलं.

तर्कट
हे मात्र मानलं. काउंटरवरच्या माणसाला हेच चार वाक्यांत सांगता आलं असतं तर काका इतके चिडले नसते. माझा विरोध मागे.

वेरूळवाट
अंगावर काटा आला वाचून. काकांना आत्ताच बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "आम्ही आत बसून वैमानिकाला नावं ठेवत होतो." त्यांनी तुम्हा दोघांना नमस्कार सांगितलाय.

सकाळचं तिकीट काढते. जूनच्या शेवटी सकाळी धुक्याचा धोका नाही ना?

जुना_निरीक्षक
धुकं डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेला. तापमान आणि दवबिंदू यांच्यात दोनच अंश उरले आणि वारा पडला की मी सावध व्हायचो. जूनमध्ये वारा पश्चिमेचा आणि चांगला वाहता असतो, ढग खाली असतील, पाऊस असेल, पण सकाळी गडगडाट क्वचित. मान्सून एकदा स्थिरावला की संध्याकाळची वादळंही कमी होतात, ती पुन्हा जोर धरतात सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसात. तुमच्या तारखेला सकाळचं विमान उत्तम. मुंबईकडचा पाऊस मात्र नक्की पाहा, जूनअखेरीस उशीर झालाच तर तिकडून होईल.

आणि आईसाहेबांच्या औषधांचा एक डोस हातातल्या पिशवीत असू द्या, बॅगेत नको. हवामानामुळे विमान रद्द झालं तर भरपाई मिळत नाही, पण पैसे परत किंवा दुसरं विमान मागण्याचा हक्क आहे, तो काउंटरवर स्पष्ट मागा.

गोदाकाठ
आता नांदेडचं कोणी सांगेल का? तिथे १०/२८ आहे आणि माझा भाऊ ऑक्टोबरमध्ये हैदराबादहून येतोय.

शिकाऊ_पंख
नांदेडचा संकेत व्हीएएनडी. ऑक्टोबर आहे म्हणजे परतीचा पाऊस, त्यामुळे सकाळचंच बघा. भावाच्या दिवशीची ओळ इथे टाका, वारा आणि धावपट्टी शेजारी ठेवून सगळे मिळून वाचू.